दुखणं कानात, वाट नाकातून!

एस.टी. घाट चढू लागली की कानांना दडे बसतात ना? मग आवंढा गिळला की 'टक्' असा आवाज होतो आणि कान मोकळे होतात. ही करामत कुणाची? नाकामागून थेट कानाच्या पडद्यामागे जाणाऱ्या एका बारीक नळीची. तिचं नाव युस्टेशियन नळी. १६ व्या शतकातल्या युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून ते पडलं. पडद्यामागच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, हवा पोचवायची आणि तिथला ओलावा घशात सोडायचा, हे तिचं काम.

मोठ्या माणसांत ही नळी सुमारे ३.५ सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळाची मात्र त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी! सर्दी झाली की ती सुजून बंद होते. ओलावा आतच साचतो आणि नाकातले जंतू तिथे मुक्काम ठोकतात. म्हणूनच ६ महिने ते २ वर्षं या वयात कान फार दुखतात. आंघोळीच्या पाण्यामुळे नव्हे बरं का! पडदा शाबूत असेल, तर ते मध्यकर्णात पोचतच नाही.

मग जास्त धोका कुणाला? जे बाळ आडवं निजून बाटलीनं दूध पितं, ज्याला आईचं दूध कमी मिळालं, ज्याच्या घरात विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर असतो, जे पाळणाघरात पुष्कळ मुलांत राहतं त्याला. आणि हो, ज्याचे ताई-दादा शाळेतून सर्दी घेऊन येतात त्यालाही!

तेव्हा ताई-दादांनो, घरी आल्यावर साबणानं हात धुवा, मगच बाळाला घ्या. बाटली देताना त्याचं डोकं उंच ठेवा. घरात कुणी सिगारेट पेटवली, तर लाडीगोडीनं सांगा, "बाळाच्या कानांसाठी विझवा ना!"

आणि पालकहो, न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते. ती चुकवू नका. बाळ रात्री किंचाळून उठलं, ताप आला, कान वाहू लागला, तर कानात तेल घालू नका. डॉक्टरांना दाखवा. दुखणं थांबलं तरी आतलं पाणी कधी कधी काही आठवडे राहतं आणि तोवर कमी ऐकू येतं. हाक मारूनही न वळणाऱ्या छोट्याला 'हट्टी' म्हणण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. कदाचित तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नसेल!