आरमारातील मूळपुरुष

उमरीहून समुद्र पुष्कळ दूर. गोदावरीखेरीज मोठे पाणी न पाहिलेल्या आमच्या घरात मात्र ‘आपला मूळपुरुष विजयदुर्गास आरमाराचा सरदार होता’ ही वार्ता पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. परवा थोरल्या काकूंनी ती नातवंडांस सांगितली, तेव्हा एका चिरंजीवांनी विचारले, “कोणाच्या आरमाराचा?” कोणासच उत्तर देता आले नाही.

प्रश्न मोठा मार्मिक होता. विजयदुर्ग १७५६ पर्यंत तुळाजी आंगऱ्यांकडे होता. त्या वर्षी पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने त्यांचा पाडाव केला. पुढे तेथेच पेशव्यांचे आरमार राहिले व धुळप त्याचे सुभेदार झाले. मूळपुरुष धुळपांच्या पदरी असल्यास त्याचा माग पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात लागण्याचा संभव. म्हणून आम्ही पुण्यास गेलो.

तेथे नुसती मोडी वाचता येऊन भागत नाही. कागदावर साल येते ते ‘सलास समानीन मया व अलफ’ असे. तीन, ऐंशी, शंभर व हजार मिळून सुहूर सन ११८३ झाला. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व त्यापुढे ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन १७८२-८३ निघतो. याच सालात, १७८३ च्या एप्रिलात, धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले होते!

सरदार काही सापडला नाही. त्या सालच्या हिशेबात आमच्या आडनावाचा, मूळपुरुषाच्याच नावाचा एक कारकून तेवढा आढळला. काकूंस हे मुळीच रुचले नाही. आम्हांस मात्र समाधान वाटले. दारूगोळा व शिधा मोजून घेणारा कोणी नसता, तर गुराबा बंदर सोडत्या कशा?

पण हा आमचाच कशावरून? आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल. तेच नाव आमच्या वंशावळीत तीनदा येते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मूळपुरुषाच्या वडिलांचे नाव व मूळ गाव मिळाले. दफ्तरातील कागदावर कारकुनाच्या वडिलांचे नावच नाही.

सर्वपित्री अमावास्येच्या आत निकाल लावा, असे काकूंनी बजावले आहे. तूर्त वंशावळीत मूळपुरुषाच्या नावापुढे ‘कारकून, विजयदुर्ग, १७८३’ एवढे आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.