रद्दीत चाललेली संहिता

साहित्याच्या अभ्यासकाने काय वाचावे याची कुंपणे आपण फार लवकर घालतो. ताम्रपट, मठांतली बाडे, जात्यावरच्या ओव्या, शाहिरांच्या वह्या, बखरी, इतकेच काय, सावकारांच्या रोजकीर्दीही आपण अभ्यासाच्या कक्षेत घेतल्या. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका लेखनप्रकाराचे नाव काढले की ‘ते पदार्थविज्ञानवाल्यांना विचारा’ असे ठरलेले उत्तर मिळते. हा लेखनप्रकार म्हणजे खिशात मावणाऱ्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या. त्यांत खेळ आहेत, आणि रोजच्या कामाची गणितेही आहेत. उत्तर देणाऱ्यांना आपल्याच विद्याशाखेचा इतिहास आठवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वस्तुस्थिती. १९७४ साली ह्यूलेट-पॅकार्डचे एचपी-६५ आले. त्यात शंभर पायऱ्यांची आज्ञावली बसे आणि ती चुंबकीय पट्टीवर साठवता येई. पुढच्याच वर्षी आलेले एचपी-२५ तुलनेने स्वस्त होते. त्यात एकोणपन्नास पायऱ्या आणि संख्या ठेवायला आठ कप्पे होते. पट्टीची सोय नव्हती. यंत्र बंद केले की आज्ञावली पुसली जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक कळ दाबून ती भरावी लागे. माझा सगळा युक्तिवाद या उणिवेवर उभा आहे. यंत्राला स्मरण नव्हते, म्हणून आज्ञावलीचे कायमचे घर कागद हेच होते. यंत्रात होई तो प्रयोग, आणि संहिता वहीत. संहिता आणि प्रयोग यांचे नाते ज्यांना आख्यानाच्या आणि नाटकाच्या संदर्भात बारकाईने समजते, त्यांनीच या वहीकडे पाठ फिरवावी हे नवल आहे.

‘पण त्या वहीत नुसते आकडे असतात’, हा पुढचा आक्षेप. असतात. एचपी-२५ मध्ये भरलेली पायरी पडद्यावर आकड्यांतच दिसे, आणि ते आकडे म्हणजे कळीची ओळ व स्तंभ. दुसऱ्या ओळीतली चौथी कळ म्हणजे २४, कप्प्यातून संख्या परत आणा. ‘२४ ०१’ म्हणजे पहिल्या कप्प्यातली. ५१ म्हणजे मिळवा, ४१ म्हणजे वजा करा, ७४ म्हणजे थांबा. अशी एकोणपन्नास ओळींची यादी नवख्याला निरर्थक वाटते, हे खरे. पण वर्ध्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूर आहे. ज्या महानुभाव पंथाचे ते क्षेत्र, त्या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. बाहेरच्या वाचकाला तेही निरर्थकच होते. राजवाड्यांनी ती लिपी उकलली तेव्हा कुणी ‘हे संकेतशास्त्रज्ञांचे काम’ म्हणून हात झटकले नाहीत. त्या उकलीवर प्राचीन मराठी गद्याचा अभ्यास उभा राहिला, आणि आज त्याच ऋद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. संकेत उकलून संहिता वाचणे हा आपला पिढीजात धंदा आहे. २४ ०१ वाचायला लागणारा संकेत तर अर्ध्या तासात शिकता येतो.

उकलून हाती काय लागते? कंपनीच्या आज्ञावल्यांच्या पुस्तकात छापलेला चंद्रावर उतरण्याचा खेळ घ्या. यान पाचशे फुटांवर आहे, सेकंदाला पन्नास फूट वेगाने खाली येते आहे, इंधन एकशेवीस एकक. पडद्यावर एकच संख्या दिसते: -५०.०५००. उणे चिन्ह म्हणजे अधोगती, बिंदूच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची. चित्र नाही, आवाज नाही. सेकंदागणिक आपण किती इंधन जाळायचे ते सांगायचे. पाच एकक जाळले तर चंद्राचे ओढणे फक्त तोलले जाते.

आता कागदावर हिशेब मांडून पाहा. भ्यालेला खेळाडू पहिल्यापासून सारखा ब्रेक लावत उतरू पाहतो. पन्नासावरून शून्यावर एकसारखे यायचे तर सरासरी वेग पंचवीस, म्हणजे पाचशे फुटांना वीस सेकंद. वेग मारायला पन्नास एकक आणि वीस सेकंद तोल धरायला शंभर, एकूण दीडशे. इंधन आहे एकशेवीस. म्हणजे सावध माणूस हमखास आपटतो! वाचायचे असेल तर चौदा सेकंदांच्या आत जमीन गाठली पाहिजे. त्यासाठी आधी बेधडक पडायचे आणि उशिरा, जोराने आवरायचे. हा पेच आकड्यांच्या निवडीत आहे. एकशेवीसच्या जागी कुणी एकशेसाठ लिहिले असते तर खेळ मेला असता. कथेतला ताण कुठून येतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवायला याहून उघडे उदाहरण मला माहीत नाही.

इथे एका वेगळ्या प्रतिपक्षालाही टाळतो. ‘आज्ञावली हीच कविता’ असे म्हणणारा एक उत्साही वर्ग आहे. ते लाडीक विधान मला मान्य नाही. आज्ञावली कविता नसते. तिला तशी बिरुदे लावणे म्हणजे कवितेखेरीज काहीच वाचनीय नसते हे मान्य करणे. ती कृतिलेखनाच्या कुळातली आहे: पंचांगाची रीत, वैद्याची पाककृती, भास्कराचार्यांचे करणसूत्र. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची प्रसिद्ध रीत याच कुळातली. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथे गाडी कायमची थांबते. कुठलीही संख्या घ्या, सातपेक्षा जास्त फेऱ्या लागत नाहीत. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ती जगापुढे नेली. मराठी माणसाने रचलेली ही चार ओळींची कृती भाषांतराशिवाय जगभर गेली. आपल्या वाङ्मयेतिहासात तिला तळटीपही नाही.

वर्ध्यात बसून यंत्राचे कौतुक करता, असा टोमणा येणारच. त्यांनी वर्ध्याचाच इतिहास पाहावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम उभी राहिली. तिच्यात अंकगणित टकळीवर शिकवायचे होते. चार फुटांचा एक तार, सहाशेचाळीस तारांची एक गुंडी, म्हणजे आठशेत्रेपन्न यार्ड आणि एक फूट. गिरणीची इंग्रजी लडी आठशेचाळीस यार्डांची. एका पौंडात अशा जितक्या लड्या, तितका सुताचा अंक. गुंडीचे वजन करून अंक काढणे ही पंधरा पायऱ्यांतही बसेल अशी आज्ञावली आहे, आणि त्या तेरा यार्ड एक फुटांच्या फरकाचे काय करायचे हा तिच्यातला खरा प्रश्न. गांधीजींचा विरोध सरसकट यंत्राला नव्हता. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी १९२४ मध्येच केला होता, आणि १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, त्यात चरख्याची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये अशी अट होती. हातात मावणारे, धन्याच्या कह्यात राहणारे, ज्याची सगळी चाल एका डोक्यात मावते असे यंत्र: एकोणपन्नास पायऱ्यांचा कॅल्क्युलेटर या व्याख्येत आजच्या कुठल्याही फोनपेक्षा अधिक चपखल बसतो.

व्यवहाराच्या आज्ञावल्या तर खेळांहूनही बोलक्या असतात. बोर धरणाच्या किंवा निम्न वर्धा प्रकल्पाच्या कालव्यासारखा एखादा कालवा घ्या. पाण्याचा वेग मॅनिंगच्या सूत्राने निघतो: तळाचा उतार, काटछेदाचा आकार आणि खडबडीतपणाचा एक आकडा. खोली माहीत असेल तर विसर्ग सरळ निघतो. विसर्ग ठरवून खोली हवी असेल तर अंदाज करा, तपासा, सुधारा, हाच मार्ग, आणि असे वळसे घालायलाच हे यंत्र जन्मले. वाचकाने नजर ठेवावी ती खडबडीतपणाच्या आकड्यावर. स्वच्छ मातीच्या कालव्याला सुमारे ०.०२५, गवत माजले, दुरुस्ती रखडली, की ०.०३ च्या पुढे. वहीत पहिला आकडा खोडून दुसरा लिहिलेला असेल तर त्या खाडाखोडीत एका कालव्याची हेळसांड नोंदलेली असते. पाठभेद म्हणजे दुसरे काय असते?

भाषेचा मुद्दा राहिला, आणि मराठीच्या अध्यापकांना तोच सर्वांत जवळचा वाटावा. एचपीच्या यंत्रांत आधी संख्या, मग क्रिया: तीन, चार, मिळवा. यान वुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाच्या लेखनपद्धतीचे हे उलटे रूप. पण मराठी वाचकाला ते उलटे वाटायचे कारण नाही. आपले क्रियापद शेवटीच येते. त्यानंतर घरोघर आलेल्या संगणकांच्या बेसिक भाषेत इंग्रजी क्रियापद वाक्याच्या तोंडाशी येऊन बसले, आणि संगणक म्हणजे इंग्रजी हे समीकरण आपण बिनतक्रार स्वीकारले. त्याआधी काही वर्षे असे एक लेखन अस्तित्वात होते ज्याचा गाभा आकड्यांत होता आणि समासातल्या टीपा कुठल्याही भाषेत लिहिता येत होत्या. आपल्याकडे ‘उपयोजित मराठी’च्या तासाला जाहिरात, बातमी, अर्ज शिकवतात, एखादी कृती दुसऱ्याला बिनचूक करता येईल अशा मराठीत लिहायला क्वचितच शिकवतात.

दुसरीकडे काय झाले पाहा. सोव्हिएत संघात ‘तेख्निका मोलोद्योझी’ या मासिकाने १९८५ मध्ये मिखाईल पुखोव यांची विज्ञानकथामाला सुरू केली. चंद्रावरून पृथ्वीकडे निघालेल्या कोन-टिकी यानाची ही कथा, आणि प्रकरणाबरोबर कॅल्क्युलेटरची आज्ञावली. यान वाचकाने स्वतः चालवायचे! कथा आणि आज्ञावली एकाच पानावर, एकाच संपादकाच्या हाताखाली. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती १९७४ साली, म्हणजे एचपी-६५ च्याच वर्षी. पुढे २०२१ मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विज्ञानकथेला आपण मखरात बसवले. विज्ञानाचे खुद्द लेखन उंबऱ्याबाहेरच राहिले.

ज्यांनी ही यंत्रे तरुणपणी वापरली ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. यंत्रे संग्राहक जपतील, परदेशात जपतातही. वह्या कुणी जपत नाही. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, कुठेही एखाद्या निवृत्त अभियंत्याचे किंवा गणिताच्या मास्तरांचे घर आवरले जाईल, आणि आकड्यांनी भरलेली वही वर्तमानपत्रांबरोबर काट्यावर चढेल. आपल्या विद्यार्थ्यांना ओव्या गोळा करायला आपण गावोगाव पाठवतोच. त्याच फेरीत एक प्रश्न वाढवायला पैसा लागत नाही: घरात जुना कॅल्क्युलेटर होता का, आणि त्याची वही कुठे आहे? वही मिळाली तर आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, यंत्राचे नाव विचारून लिहून ठेवावे, कारण त्यावाचून आकडे उकलत नाहीत. आणि खोडलेले आकडे वगळू नयेत.