प्राकृत हिमोग्राम आणि मानेतील गाठ

मानेत गाठ घेऊन आलेल्या रुग्णाचा हिमोग्राम प्राकृत दिसला की निर्धास्तपणे कांचनार गुग्गुळ सुरू करावा, ही आपल्यातील अनेक वैद्यबंधूंची रीत मला धोक्याची वाटते. लिम्फोमाचा उगम बहुधा लसीकाग्रंथींत होतो. काही प्रकारांत त्याच्या पेशी रक्तात उतरतात; एरवी रक्तगणना पुष्कळदा निर्दोषच राहते. ईएसआर वाढला तरी तो क्षयजन्य गंडमाळेतही वाढतो. एलडीएच यकृतविकारातही चढतो. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकात त्याला स्थान मिळाले ते साध्यासाध्यता ठरविण्यासाठी, निदानासाठी नव्हे. निदान होते ते ग्रंथीच्या बायोप्सीने. सुईने घेतलेला नमुनाही अनेकदा अपुरा ठरतो. (ग्रंथी, अपची आणि अर्बुद यांचे निदान सुश्रुतांनी एकाच अध्यायात सांगितले आहे, हे आपण तरी विसरू नये.) वेदनारहित, रबरासारखी गाठ महिनाभर टिकली, किंवा अक्षकास्थीच्या वरच्या खळगीत आढळली, तर शल्यचिकित्सकाच्या नावे चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी. औषधविक्रेत्या बंधूंनीही अशा रुग्णास चिठ्ठीवाचून प्रेडनिसोलोन देऊ नये. गाठ काही दिवस ओसरते, आणि पुढे बायोप्सीचा निष्कर्षही धूसर होतो.