फूटभराचा दादा

ट्रेकला निघताना आपली तयारी एकदम परफेक्ट असते. शूज, हेडलॅम्प, पॉवरबँक, एनर्जी बार... सगळं चेकलिस्टनुसार. आणि गडावर पोहोचल्यावर? दिसला दगड की टेकलो. तंबूची दोरी दाबायचीय, उचल तो दगड. चूल मांडायचीय, आण तीन दगड. पण बॉस, त्यातल्या एखाद्या दगडाखाली आधीच कुणीतरी राहत असतं. आणि ते तुमच्या येण्याने अजिबात खूश नसतं.

त्याचं नाव फुरसं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही आपल्याकडच्या विषारी सापांची सुप्रसिद्ध चौकडी. त्यात साइझने सगळ्यात लहान हेच. लांबी साधारण फूट-दीड फूट. रंग मातकट, तपकिरी, कधी विटकरी. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरट नागमोडी रेषा आणि डोक्यावर बाणासारखी खूण. जांभ्या दगडावर बसलं तर समोर असूनही दिसणार नाही. फणाबिणा काही नाही. त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, ‘एवढंच?’ इथेच घोळ होतो.

फुरशाला फणा नसला तरी हॉर्न आहे. त्याच्या अंगावरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. डिस्टर्ब झालं की ते अंगाची वेटोळी घालतं आणि ती एकमेकांवर घासतं. कढईत भजी सोडल्यावर जसा चर्रर्र आवाज येतो, तसा आवाज निघतो. अर्थ सरळ आहे : ‘मी इथे आहे, तू मागे हो.’ मागे झालात तर विषय संपला. ते तुमच्या पाठी लागत नाही. पण हात दगडाखाली गेलाच असेल तर त्याचा हल्ला विजेसारखा असतो.

याची लाइफस्टाइल पक्की नाइट शिफ्टवाली. दिवसभर दगडाखाली, कातळाच्या भेगेत किंवा काटेरी झुडपाच्या बुडाशी पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर. पावसाळ्यात जमीन ओली झाली की कधी कधी स्वारी झुडपावरही चढते. मेन्यूमध्ये पाली, सरडे, बेडूक, उंदराची पिल्लं, किडे, गोमा आणि चक्क विंचू! म्हणजे ज्याच्या भीतीने आपण बूट झटकून घालतो, तो याचा स्नॅक. आणखी एक गंमत म्हणजे आपल्याकडचं फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतं. पिल्लं पेन्सिलीएवढी, पण विष पहिल्या दिवसापासून तयार.

कोकणातल्या कातळसड्यांवर, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, या मंडळींचं मोठं राज्य. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली. सरकारी पैसे खर्च झाले, फुरसं मात्र आजही तिथेच आहे. आता त्याच सड्यांवर आपण वीकेंडला कातळशिल्पं बघायला जातो, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

आता सीरियस गोष्ट. फुरशाचा दंश पुष्कळदा मामुली वाटतो. छोटासा साप, बारीकशी जखम, थोडी सूज. ‘काही नाही रे, चल’ म्हणून माणूस गड उतरतो, घरी जाऊन झोपतो. पण हे विष रक्तावर काम करतं. ते रक्त गोठवणारे घटक भराभर वापरून संपवतं आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं, मूत्रपिंडं धोक्यात येतात. हे सगळं काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतं. हॉस्पिटलमधली टेस्ट मात्र अगदी साधी आहे. थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नंतर नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, म्हणजे प्रतिविष द्यायची वेळ झाली. हे प्रतिविष चौकडीतल्या चारही सापांवर चालतं.

एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. आपण तिथे दोन दिवसांचे पाहुणे. त्यांच्या रोजच्या रिस्कपुढे आपली काहीच नाही.

आणि हो, ज्या विषाने रक्त बिघडतं, त्याच विषातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करून टिरोफिबॅन हे हृदयविकारावरचं औषध तयार झालं. म्हणजे शहरातल्या एखाद्या आयसीयूमध्ये आपला हा फूटभराचा दादा ड्युटीही करतोय!

तेव्हा फंडा सिंपल आहे. टेकण्याआधी दगडाभोवती काठी आपटा. दगडाखाली, भेगेत हात घालू नका. अंधारात टॉर्चशिवाय आणि सँडलमध्ये फिरू नका. फोटोसाठी दगड उलथू नका. ते कुणाचं तरी घर आहे. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सगळं बाद. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. सापाला शोधण्यात, मारण्यात वेळ घालवू नका.

या वीकेंडच्या चेकलिस्टमध्ये दोनच गोष्टी वाढवा : एक काठी आणि त्या रुग्णालयाचा नंबर. सॅकमध्ये वजन फारसं वाढणार नाही.