सुकाणू जड झालें तर

मोटारीचें स्टिअरिंग जड झालें, कीं कांहीं मिस्त्री सबंध रॅक बदलण्याचा अंदाज हातीं ठेवतात. निदानावाचून चिकित्सा ती हीच! प्रथम पुढील चाकांतील हवा मोजावी. आमच्या कळंबसारख्या गांवींही त्यास खर्च तो किती? तैलदाबाची रचना असल्यास तेलाची पातळी व पंपाचा पट्टा पाहावा. वळवितांना कण्हल्यासारखा आवाज आला, तर बहुधा तेल उतरलें आहे. तें कोठें गळतें हें शोधावें. अलीकडील बहुतेक लहान गाड्यांत मात्र तेलच नसतें, साह्य विजेची मोटार करते. अशाच एका गाडीच्या अंदाजपत्रकांत ‘स्टिअरिंग ऑइल’ ही बाब एका आप्तांनीं मला दाखविली! यास्तव सुटे भाग व मजुरी निरनिराळी लिहून मागावी, काढलेला भाग परत घ्यावा, आणि रक्कम मोठी असल्यास इंदापूर वा बारामती येथें दुसऱ्या मिस्त्रीचें मत घेतल्याखेरीज होकार देऊं नये.