ग्रामसभेतील मुकी माणसे बोलती करा!

बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. संत मन्मथस्वामींची समाधी तेथे आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' लिहिले ते मराठीत. त्यांच्याही आधी, बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी संस्कृत बाजूला सारून कन्नडमध्ये वचने रचली. या परंपरेत मादार चेन्नय्या आणि डोहार कक्कय्या यांना मानाचे स्थान आहे. ज्यांच्या तोंडाला कुलूप होते त्यांनी आपल्याच भाषेत बोलावे, ही त्या काळातील क्रांती होती. तिला आठशे वर्षे उलटून गेली. आज याच कपिलधारच्या मुलखात आम्ही एक साधा प्रश्न विचारतो आहोत. ग्रामसभेत कोणाची भाषा चालते?

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सदस्य आहे. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही. घरकुलाची यादी, गावाचा विकास आराखडा, वस्तीचा रस्ता, पाण्याची टाकी, स्मशानभूमीची जागा हे सारे विषय या सभेपुढे येतात. यादीतून नाव गळाले तर ते तेथेच उठून सांगायचे असते. म्हणजे ज्याला तेथे बोलता येते त्याचे घर उभे राहते आणि ज्याला बोलता येत नाही तो पाचटाच्या कोपीत राहतो.

सभा कशी चालते हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. ग्रामसेवक अजेंडा वाचतो. तो 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'प्रस्तुत प्रकरणी' अशा भाषेत असतो. मागे बसलेल्या माणसाला त्यातले अर्धे कळत नाही. पुढचे चारजण माना हलवतात. प्रोसिडिंगवर सूचक येतो, अनुमोदक येतो आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द येतात. रजिस्टरवर सह्या आणि अंगठे होतात. ज्याला ठराव समजलाच नाही त्याचीही संमती धरली जाते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अटही नसते. मग चारजणांच्या सह्यांवर गाव चालते.

हा मुका माणूस कोण? तांड्यावरचा बंजारा घरात गोरबोली बोलतो. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची, पारध्यांची गुजरातीच्या जवळची. मुस्लिम मोहल्ल्यात उर्दू चालते. यातल्या बहुतेकांना बाजारापुरते मराठी येते, हे खरेच. पण बाजारात भाव करणे वेगळे आणि सरपंचाच्या तोंडावर उभे राहून हक्क मागणे वेगळे. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला तर तेवढेही जमत नाही. जनगणनेत तर बंजारा बोली हिंदीच्या खात्यात टाकली जाते. ज्या भाषेची स्वतंत्र नोंदच हिशेबात धरली जात नाही तिच्यासाठी दुभाषा कोण देणार?

आणि ज्यांची मायबोली मराठीच आहे त्या आमच्या वस्तीतल्या माणसांचे काय? ते बोलायला उठले की पुढच्या ओळीतून हसू येते. त्यांची मराठी 'अशुद्ध' ठरते. एके काळी गावाची दवंडी महाराने द्यायची असे. गावाचा निरोप सांगायला त्याचा आवाज चालत होता, पण गावाच्या निर्णयात त्याच्या आवाजाला किंमत नव्हती. आजची ग्रामसभा जर फक्त सही-अंगठ्यापुरतीच बोलावत असेल तर फरक काय पडला?

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. त्यांनी 31 जानेवारी 1920 रोजी पत्र सुरू केले आणि नाव दिले 'मूकनायक'. 1932 मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसताना पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी कडाडून विरोध केला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सुनावले. आरक्षणामुळे आज आमची माणसे पंचायतीत खुर्चीवर बसली आहेत. पण बसायला खुर्ची मिळाली म्हणजे बोलायला तोंड मिळाले असे होत नाही.

आता घटना काय सांगते ते पाहा. विधिमंडळातल्या एखाद्या सदस्याला सभागृहाच्या भाषेत नीट बोलता येत नसेल, तर अध्यक्ष त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. हे कलम 210 मध्ये लिहिले आहे. संसदेसाठी कलम 120 मध्ये तीच सोय आहे. कलम 350 प्रमाणे कोणताही माणूस आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडू शकतो. आमदाराला जी सोय आहे ती तांड्यावरच्या मतदाराला का नको? आमदार शिकलेला असतो, सोबत सचिव असतो. खरी गरज कोणाला आहे?

काहीजण म्हणतील, हा मराठीवर घाला आहे. मुळीच नाही. ठराव मराठीत लिहावा, दप्तर मराठीत असावे, याबद्दल आमचा वाद नाही. 2022 च्या कायद्याने स्थानिक संस्थांचा कारभार मराठीतून करणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असण्याविरुद्ध खटला गेला, तेव्हा 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला या कायद्याची बंदी नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बेळगाव महापालिकेची कागदपत्रे मराठीतही द्या, ही तेथील मराठी नगरसेवकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. मग जो न्याय आम्ही बेळगावात मागतो तो बीडच्या तांड्याला नाकारायचा काय? मराठवाड्याने तरी हे विसरू नये. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य होते, दरबारी भाषा उर्दू होती आणि शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता.

वर्णद्वेषातून बाहेर पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने 2000 साली नगरपालिकांसाठी कायदा केला. लोकांचा सहभाग घेताना त्यांची भाषा आणि निरक्षरांची गरज लक्षात घ्यावी, असे त्यात आहे. एखाद्या विषयावर लेखी म्हणणे मागवले आणि माणसाला लिहिता येत नसेल, तर कचेरीतल्या कर्मचाऱ्याने त्याचे म्हणणे उतरवून घ्यायचे. यासाठी काही कोटींचा निधी लागत नाही. लागते ती समोरच्याला माणूस मानण्याची तयारी.

भाषेइतकाच प्रश्न वेळेचाही आहे. दिवाळीच्या आसपास बीडचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको दोघेही फडात असतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला गावात उरतात म्हातारे आणि लेकरे. ज्यांच्या घरकुलाचा निर्णय व्हायचा ते शेकडो किलोमीटरवर मोळ्या बांधत असतात, आणि निर्णय मात्र 'सर्वानुमते' होतो!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सभेची नोटीस फळ्यावर चिकटवून थांबू नका, तांड्यावर आणि वस्तीत जाऊन त्यांच्या बोलीत सांगा. सभेत ज्याला ज्या बोलीत बोलायचे आहे त्याला त्या बोलीत बोलू द्या आणि त्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलीला मानधन देऊन दुभाषा नेमा. प्रोसिडिंगवर सही घेण्याआधी ठराव साध्या भाषेत वाचून दाखवा आणि विरोध झाला असेल तर तो नावानिशी लिहा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कधीतरी वस्तीतही घ्या. घरकुलासारखे विषय ऊसतोड मजूर गावात असताना, 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या सभेत घ्या.

शासन हे आपणहून करील अशा भ्रमात चळवळीने राहू नये. प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने पुढच्या ग्रामसभेला जावे, मागच्या ओळीत बसलेल्या माणसाशेजारी बसावे आणि त्याला ठराव समजला का ते विचारावे. नसेल समजला तर उभे राहून सरपंचाला सांगावे, "हा ठराव पुन्हा वाचा, आमच्या माणसाला कळेल असा वाचा." ही मागणी नाकारण्याची हिंमत कोणत्या सरपंचात आहे ते मग पाहू.