तारली, तुळस आणि पेनिशचा किल्ला

पोर्तुगालहून परत आल्यापासून मला दोन तऱ्हेची माणसं भेटतायत. पहिली म्हणतात, "बघ, आम्ही सांगत होतो ना? ते दिवसच वेगळे होते." ही बहुतेक आमच्या घरातली आणि वाड्यावरची वडीलधारी मंडळी. दुसरी म्हणतात, "म्हणजे तुम्हाला अजून पाकल्यांचीच ओढ!" हे कॉलेजातले मित्र. त्यांचं ते 'तुम्हाला' एकट्या मला उद्देशून नसतं, माझ्या आडनावाला उद्देशून असतं.

मी दोघांनाही सांगितलेलं असतं एवढंच, की मला तिथल्या जेवणाची फार आठवण येते. कोळशावर भाजलेल्या तारल्यांची, रात्री नऊपर्यंत रेंगाळणाऱ्या उन्हाची, दुपारी तासभर शांतपणे चालणाऱ्या जेवणाची. एवढ्याशा बोलण्यातून पहिल्यांना जुनी राजवट चांगली होती याचा पुरावा मिळतो आणि दुसऱ्यांना माझ्या गुलाम मनोवृत्तीचा. म्हणजे दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: एखाद्या देशाचं जेवण आवडलं, म्हणजे त्या देशाने आपल्यावर केलेलं राज्यही आवडलं. मला भांडायचं आहे ते या समजुतीशी.

पण आधी पोटोबा, मग इतिहास.

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत मी लिस्बनजवळ राहणाऱ्या आतेबहिणीकडे होते. आपण गोव्यात ज्याला 'पोर्तुगीज जेवण' म्हणतो ते पोर्तुगालमध्ये जवळजवळ नाहीच, हे मला पहिल्या दोन दिवसांतच कळलं. गोंयकारांनी चालवलेली मोजकी हॉटेलं सोडली तर शाकुती नाही, बेबिंका नाही, आपलं विंदालू नाही. विंदालूचा पूर्वज मात्र आहे. वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस मदैरा बेटावर नाताळात करतात. आपल्याकडे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं विनाग्र आलं, मिरची आली, जिरं-मिरी-दालचिनी आली आणि पदार्थ आपला झाला.

तिथलं रोजचं जेवण मुळात गरिबांचं जेवण आहे. 'काल्दु व्हेर्द' नावाचं सूप घ्या. बटाटा शिजवून घोटायचा, त्यात कोबीच्या जातीची हिरवी पानं दोऱ्यासारखी बारीक चिरून टाकायची, वर ऑलिव्हचं तेल आणि चोरिसाची एखादी चकती. सोबत मक्याच्या पिठाचा पाव. यात मसाला म्हणून काहीच नाही. बटाटा, कोबी आणि पाव हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजमधूनच आलेले, त्यामुळे मेन्यूकार्डावर नजर फिरवताना परक्या देशात असल्यासारखं वाटेचना.

अलेंतेजु प्रांतातलं 'आसोर्दा' तर त्याहून साधं. शिळा पाव, मिठाबरोबर ठेचलेली लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्हचं तेल, त्यावर उकळतं पाणी आणि एक अंडं. शेतात राबणाऱ्यांचं हे पोट भरायचं साधन. ते खाताना मला आमच्या शामायची पेज आठवली. उरलेलं अन्न टाकायचं नाही, त्याला चव आणायची, हा धर्म दोन्हीकडे सारखाच. आणि बाकल्याव! हा कॉड मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. उत्तरेच्या थंड समुद्रातून खारवून, वाळवून येतो. दुकानात फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो. घरी आणून दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजत घालायचा आणि नाताळच्या आदल्या रात्री उकडलेले बटाटे-कोबीबरोबर खायचा. पुरुमेंताच्या दिवसांत खारे बांगडे भरून ठेवणाऱ्या घरातल्या मुलीला यात नवल कसलं वाटणार?

जेवणाइतकीच आठवण येते ती जेवायच्या रीतीची. दुपारी एकच्या सुमाराला गल्लीतल्या साध्या खाणावळीत फळ्यावर खडूने त्या दिवसाचा पदार्थ लिहिलेला असतो. रंगकाम करणारा, बँकेतला कारकून, काठी टेकत आलेली आजी, सगळे शेजारी-शेजारी बसतात आणि तेच खातात. पाव आणि ऑलिव्ह न मागता येतात (आणि बिलात लागतात, हे आपलं सांगून ठेवते). कुणी ताटावरून उठवायच्या घाईत नसतं. चौकाचौकात बेकरी आणि कॉफीचं दुकान एकत्र. तिथे काउंटरपाशी उभं राहून कडक कॉफी घ्यायची, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आणि कामाला लागायचं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही सगळी पाहुण्याची ओढ आहे. माझी आतेबहीण एका हॉटेलात खोल्या साफ करते. दुपारी ती डब्यातला भात उभ्याउभ्या संपवते. पगाराचा मोठा भाग घरभाड्यात जातो आणि जुन्या लिस्बनमधली ती सुंदर घरं तिला फक्त ट्रामच्या खिडकीतून दिसतात. मी बॅगेतून नेलेली सोलां बघून तिचे डोळे भरून आले. मी तिथल्या सूपचं कौतुक करायला लागले की ती म्हणायची, "हांगा रावलें जाल्यार कळटलें तुका." तिला ओढ बांगड्याच्या कडीची, शेजाऱ्यांच्या हाकांची, पावसाच्या वासाची. पोर्तुगीजांचा 'सौदाद' हा शब्द आपण पोर्तुगालच्या आठवणीसाठी वापरतो. तिच्या तोंडी तो गोव्यासाठी येतो.

१२ जूनची रात्र ही सांत आंतोनच्या फेस्ताची आदली रात्र. आपण ज्याला पादुआचा म्हणतो तो हा संत जन्माने लिस्बनचा, आणि त्या रात्री सगळं जुनं शहर रस्त्यावर असतं. अल्फामाच्या चिंचोळ्या गल्ल्यांत दारोदारी शेगड्या पेटतात. भाजलेली तारली पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. मासा खाऊन झाला की त्याचं तेल प्यालेला पाव खायचा. तो सगळ्यात चविष्ट. आणि जागोजागी विकायला छोट्या-छोट्या कुंड्या: तुळशीच्या कुळातलं बारीक पानांचं गोल झुडूप, त्यात एक कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याचा वास नाक लावून घ्यायचा नसतो. पानांवरून हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. मी हुंगला. डिचोलीत शेजारच्या काकूंच्या वृंदावनाजवळून जाताना येतो, त्याच्याच नात्यातला वास.

मी कॅथलिक आहे, मराठी शाळेत शिकले आहे आणि साहित्याची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे त्या कुंडीपाशी मला अ. का. प्रियोळकर आठवले. गोव्यातल्या इन्क्विझिशनवरच्या त्यांच्या पुस्तकात १७३६ सालच्या एका जाहीरनाम्याची माहिती आहे. इथल्या ख्रिस्ती लोकांनी काय-काय करायचं नाही, याची ती यादी. धोतर नेसायचं नाही, चोळी घालायची नाही. भात हिंदूंसारखा मिठाशिवाय शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही. आणि घरात, अंगणात, बागेत तुळस लावायची नाही. असेल तर उपटून टाकायची.

आज लिस्बनमध्ये संताच्या नावाने जे झुडूप एकमेकांना भेट देतात, त्याच्या बहिणीला माझ्या पूर्वजांच्या अंगणात बंदी होती. बंदी घालणारे त्याच संताला मानणारे होते. सांत आंतोनचं फेस्त मला प्रिय आहे, म्हणूनच हे जास्त टोचतं. भातात मीठ कधी घालायचं हे ज्या सत्तेने स्वयंपाकघरात शिरून ठरवलं, तिची ओढ मला लागणं शक्य नाही. मात्र तारलीने माझं काही वाईट केलेलं नाही.

नंतर आम्ही पेनिशला गेलो. लिस्बनच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर समुद्रात घुसलेलं हे मासेमारीचं गाव. गावाच्या टोकाला एक किल्ला आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तिथे त्या काळच्या प्रतिकाराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आपले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा याच किल्ल्यात कैदेत होते. चांदरला जन्मलेले, कॅथलिक घरातले, फ्रान्समध्ये शिकलेले. १९४४ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि गोंयकारांचं, खासकरून आम्हा ख्रिस्ती गोंयकारांचं, मन आपल्याच मातीपासून कसं तोडलं गेलं ते मांडलं. १९४६ च्या चळवळीत त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना इतक्या दूर आणून ठेवलं. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात राहिले. त्यांची सुटका १९६९ साली झाली.

किल्ल्याच्या भिंतीजवळ उभी राहिले तेव्हा बंदरावरून मासे भाजल्याचा वास येत होता. दुपारी आम्ही तिथेच जेवलो आणि जेवण छान होतं. यात मला विसंगती वाटत नाही, कारण त्या किल्ल्यात कुन्हांबरोबर कोण होतं? बहुतेक सगळे पोर्तुगीजच. कामगार, वकील, लेखक, कम्युनिस्ट. आपल्यावर राज्य करणारं ते सरकार स्वतःच्या लोकांनाही तुरुंगात टाकत होतं. १९६० च्या दशकात तर गरिबीला आणि वसाहतींमधल्या युद्धांना कंटाळून लाखो पोर्तुगीज फ्रान्सकडे निघाले, त्यातले कितीतरी कागदपत्रांविना, चोरवाटेने. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैनिकांनी बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचून ती हुकूमशाही संपवली. त्यानंतर काही दिवसांतच पेनिशची दारं उघडली, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्याचं भारतातलं विलीनीकरण मान्य केलं.

म्हणून वडीलधाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं: तुम्ही आठवता तो पोर्तुगाल मला कुठे भेटला नाही. स्वस्त चीज आणि वाइनच्या बाटल्यांचा तो काळ तुमच्या तरुणपणाचा काळ होता, म्हणून तो गोड लागतो. ते मी समजू शकते. पण ज्या पोर्तुगालमध्ये मी जेवले, तो तिथल्या लोकांनी तुमच्या त्या सरकाराला घालवून मिळवलेला आहे. आणि मित्रांना सांगावंसं वाटतं: हुकूमशाही मोडून काढणाऱ्या लोकांच्या पंगतीला बसल्याने कुणी गुलाम होत नाही. विलायती चहाशिवाय आपली सकाळ होत नाही, म्हणून कुणी व्हिक्टोरिया राणीची प्रजा ठरत नाही.

मग या ओढीचं करायचं काय? आपल्याकडे दोन सोपे मार्ग आहेत. एक पासपोर्टचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता आलं आहे आणि आपल्यातल्या अनेक घरांनी ते घेतलं. पोटासाठी जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्याच घरातलं माणूस तिथे आहे. पण त्या कागदाने पगार मिळतो, ओढ मिटत नाही, ती फक्त उलट्या दिशेने वाहू लागते. दुसरा मार्ग सजावटीचा. फोंतेन्हासमधल्या रंगीत भिंतीपुढे फोटो काढायचे आणि दाराशी पाव घेऊन येणाऱ्या पदेराने पावाचा दर एक रुपयाने वाढवला की गावभर तक्रार करायची. त्याच दिवशी पणजीतल्या कॅफेत शंभराची नोट देऊन फ्रेंच नावाचा पाव आपण विनातक्रार खातो.

मला जे तिथे आवडलं ते बांधून आणण्याजोगं सामान नव्हतं. गल्लीतली बेकरी टिकली पाहिजे असं तिथल्या लोकांना वाटतं, म्हणून ते रोज तिथे जातात. साध्या सूपची त्यांना लाज वाटत नाही. दुपारी माणसाने बसून जेवावं, हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटत नाही. यातलं आपल्याकडे काय नाही? पोय आहे, उंडो आहे, शीत-कडी आहे, पेज आहे. 'सुशेगाद' हा शब्दसुद्धा आहे, फक्त तो आता पर्यटकांच्या टी-शर्टवर गेला आहे.

आपल्या मंडळापुढे माझा एक साधा प्रस्ताव आहे. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या आजीच्या किंवा शामायच्या हातचा एक पदार्थ लिहून आणावा. हिंदू घरातला, ख्रिस्ती घरातला, मुसलमान घरातला, बेळगावहून आलेल्यांच्या घरातलाही. भांड्यांची, मापांची, माशांची नावं ती जशी घेते तशीच लिहायची. शब्द पोर्तुगीज असो, कोकणी असो की मराठी. भातात मीठ आधी की नंतर, तेही लिहायचं. आणि तो पदार्थ कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये महिन्यातून एक दिवस फळ्यावर खडूने लिहिला जावा, अशी विनंती आपण सगळ्यांनी मिळून करावी. मी शामायची पेज लिहून आणते. तुम्ही काय आणताय ते कळवा.